कुंभाराचें चाक

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव दोन कारणांनीं प्रसिद्ध आहे. प्राचीन काळीं तगर या नांवानें त्याचा व्यापार पश्चिमेकडील देशांपर्यंत पोंचला होता. आणि गोरोबाकाका येथलेच. काकांच्या दर्शनास आम्ही अनेकदां गेलों, पण ज्या चाकावर त्यांचा संसार चालला त्याकडे लक्ष गेलें तें उतारवयांत.

कुंभार चाकाच्या कडेजवळील खांचेंत काठी रोंवून जोरानें फिरवितो व काठी काढून घेतो. कडेलाच कां? आंसापासून जितकें दूर, तितका त्याच जोराचा पीळ अधिक. या पिळास शास्त्रांत आघूर्ण म्हणतात. जात्याचा खुंटा कडेला बसवितात तोही याच हिशेबानें. काठी काढल्यावरही चाक फिरत राहतें, कारण त्यांत कोनीय संवेग सांठलेला असतो. ज्ञान झाल्यावरही देह कांहीं काळ कां टिकतो, हें सांगतांना सांख्यकारिकेंत ईश्वरकृष्णानें याच चाकाचा दृष्टांत घेतला आहे.

मंगळागौरीस मुली फुगडी घालतात. हात आंखडून त्या जवळ आल्या कीं गिरकी वाढते. पायांचें घर्षण सोडून देऊन हिशेब केला, तर आंसापासूनचें अंतर निम्में होतांच फेऱ्यांचा वेग चौपट होतो. आणि संवेग तेवढाच राहूनही ऊर्जा चौपट होते! ही वाढ येते ओढणाऱ्या दंडांतून.

पृथ्वी व चंद्र यांचा व्यवहार याहून संथ आहे. चंद्राच्या ओढीनें समुद्रास भरती येते. पृथ्वी झपाट्यानें फिरत असल्यामुळें तो फुगवटा चंद्राच्या किंचित् पुढें जातो, आणि चंद्र त्यास मागें खेंचतो. या उलट्या आघूर्णानें पृथ्वीचें फिरणें मंदावतें. तिनें गमावलेला संवेग चंद्राच्या कक्षेंत जमा होतो, ऊर्जेचा मोठा भाग मात्र समुद्राच्या घर्षणांत उष्णता होऊन जातो. १९६९ सालीं अपोलो ११ च्या यात्रिकांनीं चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांकडे लेसर किरण पाठवून जी मोजणी होत आली, तीवरून चंद्र दरवर्षीं सुमारें ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो असें ठरलें आहे.

आतां एक कबुली. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सिद्धान्तशिरोमणींत पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरलेलें, आपोआप फिरणारें चाक वर्णिलें आहे. आम्हीं तें वर्षानुवर्षें वर्गांत अभिमानानें सांगितलें. वस्तुतः तें फिरत राहणार नाहीं. एक फेरा पुरा होऊन चाक मूळ स्थितीस आलें कीं पारा जितका उतरला तितकाच चढलेला असतो. शिल्लक शून्य, आणि आंसाच्या घर्षणाचें देणें तसेंच डोक्यावर. आचार्यांच्या गणिताची थोरवी याने रेसभरही उणी होत नाहीं. परंतु एकदां मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें होतें, “गुरुजी, मग असलें चाक कोणीं मोटेला कां लावलें नाहीं?”

आम्हीं त्याला खालीं बसविलें होतें.