खोटं क्षितिज कुठे पकडलं जातं?

‘व्हेन वर्ल्ड्स कोलाइड’ नावाचा १९५१ चा एक सायन्स फिक्शन सिनेमा आहे. बेलस नावाचा तारा पृथ्वीवर आदळणार असतो, म्हणून मूठभर माणसं रॉकेटमध्ये बसून त्याच्याभोवती फिरणाऱ्या झायरा ग्रहावर जातात. दीड तास आपण जीव मुठीत धरून बघतो. शेवटी रॉकेटचं दार उघडतं, नवं जग समोर येतं, आणि ते चक्क भिंतीवर चिकटवलेल्या पोस्टरसारखं दिसतं. भडक रंग, सपाट डोंगर, हवा नावाला नाही. हॉस्टेलवर आम्ही चौघी बघत होतो, चौघीही हसलो.

गंमत अशी की स्पेशल इफेक्ट्सचा ऑस्कर याच सिनेमाला मिळालेला आहे. आणि ते शेवटचं चित्र ज्याचं, तो चेस्ली बोनस्टेल म्हणजे अवकाशचित्रांमधला बाप माणूस. मग असं कसं झालं?

माझी पीएचडी हवेतल्या एरोसोल कणांवर आणि त्यांच्यामुळे होणाऱ्या प्रकाशाच्या विखुरण्यावर आहे, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. सिनेमातल्या मॅट पेंटिंगशी माझा संबंध तिथूनच आला. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा कोर्सवर्कमध्ये अडकला असाल, तर ही पोस्ट वाचाच. वरवर सिनेमाची दिसली तरी ती आलेखांबद्दलही आहे.

आधी मॅट पेंटिंग म्हणजे काय ते बघू. संगीत नाटकात मागे राजवाड्याचा रंगवलेला पडदा असतो. तो रंगवलेला आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि आपण ते मान्य करून बसतो. सिनेमात ही सवलत नाही. तिथे फ्रेमचा काही भाग खरा (नट, जमीन, पाणी) आणि उरलेला रंगवलेला असतो, आणि प्रेक्षकाला सांधा दिसता कामा नये. सगळ्यात जुनी पद्धत साधी आहे. कॅमेऱ्यासमोर काच उभी करायची, तिच्या वरच्या भागात डोंगर किंवा घुमट रंगवायचा, आणि खालच्या स्वच्छ काचेतून खरं दृश्य घ्यायचं. नॉर्मन डॉन याने १९०७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडकळीला आलेल्या मिशन इमारतींची छपरं अशीच काचेवर ‘दुरुस्त’ केली होती.

पुढे आलेली मूळ निगेटिव्हची पद्धत मला जास्त आवडते, कारण तिच्यात शिस्त आहे. चित्रण करताना फ्रेमचा नको असलेला भाग काळ्या रंगाने झाकायचा. फिल्मच्या त्या भागावर प्रकाश पडतच नाही. मग ती फिल्म धुवायची नाही, तशीच थंड जागी ठेवायची. फक्त थोडी जास्तीची लांबी कापून घ्यायची आणि त्या तुकड्यांवर चाचण्या करायच्या. चित्र रंगवा, एका तुकड्यावर उतरवा, धुवा, बघा. निळा जास्त झालाय? पुन्हा रंगवा, पुन्हा तुकडा. डोळ्याला जो करडा बरोबर वाटतो तो फिल्मला तसा दिसेलच असं नाही, त्यामुळे कॅनव्हासवर छान दिसणं हा पुरावाच नाही. सगळं जुळलं की मगच खरी रीळ कॅमेऱ्यात चढवायची आणि चित्र त्या कोऱ्या भागावर उतरवायचं. इथे चूक झाली तर नटांचं मूळ चित्रणही गेलं.

अल्बर्ट व्हिटलॉक या पद्धतीचा मोठा माणूस. ‘अर्थक्वेक’ आणि ‘द हिंडेनबर्ग’साठी त्याला ऑस्कर मिळाले. साठच्या दशकातल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या परग्रहांची कितीतरी दृश्यं त्याची आहेत. त्याची चित्रं जवळून बघितली तर फराटेच दिसतात. खिडक्या म्हणजे ठिपके, झाडं म्हणजे डाग. पण उजेड कुठून येतोय, सावलीत किती निळा आहे, लांबची गोष्ट किती फिकी आहे, हे चोख असतं. नवशिक्याला वाटतं बारीक तपशील म्हणजे खरेपणा. तसं नाहीये.

आता माझा विषय. पावसाळ्यानंतर घाटात उभं राहिलात तर डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिक्या होत जाताना दिसतात. जोराचा पाऊस होऊन गेला की तोच लांबचा किल्ला हाताशी आल्यासारखा वाटतो. किल्ला तिथेच आहे, मधली हवा बदललीये. मधले कण दोन गोष्टी करतात: डोंगराकडून येणारा प्रकाश बाजूला विखुरतात, आणि सूर्याचा प्रकाश विखरून आपल्या डोळ्यात ओततात. त्यामुळे क्षितिजाच्या आकाशाशी असलेला डोंगराचा कॉन्ट्रास्ट अंतराबरोबर घातांकी वेगाने कमी होतो. हॅराल्ड कोशमिडर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये हे मांडलं. कॉन्ट्रास्ट २ टक्क्यांवर आला की काळी वस्तू दिसेनाशी होते असं धरलं, तर दृश्यमानता म्हणजे ३.९१ भागिले विखुरण्याचा गुणांक.

आकडे घालून बघा. दृश्यमानता १० किलोमीटर असेल तर गुणांक दर किलोमीटरला साधारण ०.३९ येतो. ५ किलोमीटरवरच्या इमारतीचा कॉन्ट्रास्ट मूळच्या १४ टक्केच उरतो. निम्म्या अंतरावर निम्मा नाही, १४ टक्के! चित्रकार हा घातांक सोडवत बसत नाही. पण आपला डोळा जन्मभर हे गणित बघत आलेला असतो. म्हणून झायराचे डोंगर पाहून आम्ही हसलो: आकार ठीक होते, पण लांबचा डोंगर जवळच्या डोंगराइतकाच ठसठशीत होता.

‘ब्लेड रनर’ (१९८२) या बाबतीत मला अव्वल वाटतो. त्यातलं लॉस एंजेलिस म्हणजे मॉडेल आणि मॅथ्यू युरिसिचच्या मॅट पेंटिंग्जची सरमिसळ. मॉडेलचं चित्रण धुराने भरलेल्या खोलीत केलं. आता विचार करा, ५ किलोमीटरचं शहर हजारपट लहान केलं तर ते ५ मीटरचं होतं. खऱ्या शहरासारखं फिकं दिसायला गुणांक आणि अंतर यांचा गुणाकार तेवढाच राहिला पाहिजे. म्हणजे गुणांक हजारपट, खोलीतली दृश्यमानता १० मीटर. इतका धूर हवा! या गुणाकाराला प्रकाशीय जाडी म्हणतात आणि माझा निम्मा थिसिस त्याच्यावर आहे. धुरातल्या मॉडेलशेजारी बसणाऱ्या चित्राला तोच गुणाकार नुसत्या रंगाने साधायचा असतो. तो साधलाय, म्हणून सांधा शोधायला गेलं तरी पटकन सापडत नाही.

दुसरं माझं आवडतं उदाहरण अजिबात देखणं नाही. ‘रोबोकॉप’ (१९८७) मधली ओसीपी कंपनीची गगनचुंबी इमारत. खाली खरी इमारत आहे, आय. एम. पेई यांनी आराखडा केलेला डॅलसचा सिटी हॉल, पुढे झुकलेल्या दर्शनी भागाचा. त्याच्या डोक्यावर रॉको जिओफ्रेने उंच टॉवर रंगवला. सिनेमा डेट्रॉइटचा, इमारत डॅलसची आणि वरचे मजले कुठलेच नाहीत. पहिल्यांदा बघताना माझ्या मनात शंकासुद्धा आली नव्हती. ‘स्टार वॉर्स’ (१९७७) मध्ये ओबी-वान ट्रॅक्टर बीम बंद करतो तिथली अथांग पोकळी हॅरिसन एलेनशॉने रंगवलेली आहे. तीही उत्तम, पण तिथे ‘व्वा’ असं मनात येतं, आणि ‘व्वा’ आलं की चित्र आठवलं. टॉवरच्या वेळी काहीच आलं नाही. मी टॉवरला वरचा नंबर देईन.

‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ (१९६८) चा शेवट सगळ्यांना माहीत असतो. वाळूत रुतलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा एमिल कोसा ज्युनियरने रंगवला. ते चित्र टिकतं याचं श्रेय मी समुद्राला देते. पुतळा हलत नाही, पण फ्रेममध्ये लाटा हलत राहतात, आणि डोळा तिकडे गुंततो.

आता वाईट. इथे जरा सांभाळून बोललं पाहिजे. ‘स्टार ट्रेक’चं जुनं चित्र आज मोठ्या स्क्रीनवर बघून ‘रंग दिसतोय’ म्हणणं अन्याय आहे. ते १९६६ च्या छोट्या टीव्हीसाठी केलेलं होतं. मोजमापाची अचूकता वापरापुरतीच असते. पण व्हिटलॉकने डेल्टा वेगावरच्या खाणकेंद्राचं केलेलं चित्र थोडेफार बदल करून दुसऱ्या भागात टॅंटलसवरची कैद्यांची वसाहत म्हणून दाखवलं, त्याला मी वाईटात धरते. चित्र झकास आहे. त्याच्याकडून जे काम करून घेतलं ते खोटं आहे. जुन्या पेपरमधला आलेख नव्या नमुन्याच्या नावाने छापण्यातला प्रकार.

‘लोगन्स रन’ (१९७६) मध्ये तर एकाच सिनेमात दोन्ही टोकं आहेत. वेलींनी गिळलेलं वॉशिंग्टन (पुन्हा युरिसिच) सुंदर, आणि घुमटांखालचं शहर उघड उघड खेळण्यातलं.

आता परत बोनस्टेलकडे. हा माणूस मुळात वास्तुरचनेतला. पुढे हॉलिवुडमध्ये मॅट चित्रकार झाला, ‘सिटिझन केन’वर काम केलं, आणि १९४४ मध्ये ‘लाइफ’ मासिकात त्याची शनीची चित्रं आली. टायटनच्या बर्फाळ कड्यांमागे निळ्या आकाशात लटकलेला शनी तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. खरं तर टायटनवर एरोसोलचं इतकं दाट नारिंगी धुकं आहे की जमिनीवरून शनी डोळ्याला दिसणारच नाही. (माझ्या लाडक्या कणांनी एका महान चित्राची वाट लावली.) १९५० च्या ‘डेस्टिनेशन मून’साठी त्याने चंद्राचा देखावा केला. ते मॅट नव्हे, सेटमागचं चित्र होतं. तिथे कला दिग्दर्शकाने सेटवरच्या जमिनीला सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा पाडल्या, आणि बोनस्टेलला ते मुळीच पटलं नाही. चंद्रावर चिखल कुठून आला? पण भेगांमागे अडचण खरी होती. चंद्रावर हवा नाही, म्हणजे काहीच फिकं होत नाही, म्हणजे लांबी दाखवायची कशाने? पुढे मोठ्या आणि मागे लहान भेगा, हे त्याचं उत्तर होतं. ही अडचण खऱ्या चंद्रावरही आली. १९७१ मध्ये अपोलो १४ चे शेपर्ड आणि मिचेल कोन विवराचा काठ शोधत चढत राहिले आणि तो न सापडताच परत फिरले. नंतर कक्षेतून काढलेल्या छायाचित्रांवरून कळलं की काठ साधारण ३० मीटरवर होता.

इतका काटेकोर माणूस झायराचं ते पोस्टर कसं करेल? त्याने ते शेवटच्या दृश्यासाठी केलंच नव्हतं. तो कच्चा आराखडा होता. त्यावरून मिनिएचर बांधायचं ठरलं होतं. सिनेमा पुरा करायची घाई झाली, मिनिएचर राहिलं, आणि आराखडाच पडद्यावर गेला.

हे वाचलं तेव्हा माझं हसू थांबलं, कारण मी नेमकं हेच केलं होतं. आमच्याकडे बारीक कण एक यंत्र मोजतं आणि मोठे कण दुसरं. मध्ये ०.५ ते ०.७ मायक्रॉनच्या पट्ट्यात दोघंही मोजतात, आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत. एक कणाचा आकार विद्युतक्षेत्रातल्या हालचालीवरून ठरवतं, दुसरं वाऱ्याच्या झोतातल्या वेगावरून, म्हणून मध्ये घनता धरावी लागते. गाइडना दाखवायच्या मसुद्यात मी दुसऱ्या यंत्राचे आकडे १.३ ने गुणले आणि एक गुळगुळीत रेघ ओढली. ‘तात्पुरतं’ म्हणून. फाइलच्या नावातही ‘कच्चं’ लिहिलं होतं. मग परिषदेची तारीख आली, पोस्टर छापायला जायचं होतं, रात्रीचे दोन वाजले होते, आणि ती आकृती तशीच गेली.

परिषदेत एक ज्येष्ठ मॅडम पोस्टरसमोर आल्या. शीर्षक वाचलं नाही, निष्कर्ष वाचले नाहीत. सरळ ०.६ मायक्रॉनवर बोट ठेवून म्हणाल्या, “इथे काय केलंयस गं?”

त्यांनी तीस वर्षं असे आलेख पाहिलेत. दोन यंत्रं कधीच इतकी गोडीगुलाबीने भेटत नाहीत, हे त्यांच्या डोळ्याला माहीत होतं. मी १.३ कुठून आला ते सांगू शकले नाही. त्या रागावल्या नाहीत. “घनता किती धरलीस ते काढून बघ, मग कळव,” एवढंच म्हणून पुढच्या पोस्टरकडे गेल्या. मी उरलेला दिवस त्या बोर्डाशेजारी उभी राहिले, आणि जो येईल त्याला आधी तो सांधा दाखवत राहिले.

नंतर हिशोब केला. १.३ बरोबर यायला घनता जितकी लागते तितकी आमच्या कणांची असणं शक्यच नव्हतं. आता त्या आकृतीत रेघ नाही. दोन्ही यंत्रांचे बिंदू दोन वेगळ्या रंगांत आहेत, मधल्या पट्ट्यात ते एकमेकांवर बसत नाहीत, आणि ते का बसत नाहीत यावर थिसिसचं तिसरं प्रकरण सध्या चालू आहे.