लाल सेल मोजता येतात का?

चाकणच्या किंवा भोसरी एमआयडीसीतल्या सुट्या भागांच्या कारखान्यात सकाळची शिफ्ट सुरू झाली की एक्सेलची शीट उघडतेच: पार्ट नंबर, टार्गेट, प्रॉडक्शन, रिजेक्शन. आणि भरपूर रंग. गैरसमज सगळे या रंगांचेच.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे लाल केलेले सेल एक्सेल मोजून देईल. नाही देत. काउंटइफसारख्या नेहमीच्या सूत्रांना सेलमधला मजकूर कळतो, रंग कळत नाही. मॅक्रो लिहून रंग ओळखता येतो, पण नुसता रंग बदलल्याने गणित पुन्हा होत नाही, म्हणून जुनाच आकडा दिसत राहतो. एका युनिटमध्ये आम्ही रिवर्कचे नग पिवळे आणि रिजेक्ट लाल असे हाताने रंगवत असू. महिनाअखेरीस बेरीज मागितली गेली तेव्हा क्वालिटीच्या ताई आणि मी स्क्रीनवर बोट ठेवून ओळी मोजल्या. दोघांचे आकडे जुळेनात. ताईंचा लाल माझ्या डोळ्यांना केशरी होता. २००७ च्या आवृत्तीपासून रंगाने फिल्टर लावून सबटोटल काढता येते, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. तरी खरा उपाय साधा आहे. 'स्थिती' असा एक रकाना करायचा, त्यात ओके, रिवर्क, रिजेक्ट यांपैकी शब्द निवडायचा. काउंटइफ तो शब्द मोजते आणि कंडिशनल फॉरमॅटिंग त्यावरून रंग भरते.

'कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये एका सेलला तीनच अटी लागतात' हे एक्सेल २००३ पर्यंत खरे होते. तेव्हा रंगही ५६ च होते. २००७ मध्ये दोन्ही बंधने गेली.

उलट, कंडिशनल फॉरमॅटिंगने हवे ते करता येते असेही नाही. अक्षर ठळक होते, त्याचा रंग बदलतो, पण फाँट आणि त्याचा आकार बदलत नाही. ते पर्याय तिथे फिकट दिसतात. चिन्हे तयार संचांतूनच घ्यावी लागतात, कंपनीचा लोगो चालत नाही. नोट असलेल्या सेलच्या कोपऱ्यातला लाल त्रिकोण लालच राहतो. सूत्रातली संभाव्य चूक दाखवणाऱ्या हिरव्या त्रिकोणाचा रंग मात्र सेटिंगमध्ये बदलता येतो!

आणि हीच शीट लाइनजवळच्या बोर्डावर लागते ती काळ्या-पांढऱ्या प्रिंटरमधून निघून. तिथे लाल आणि हिरवा दोन्ही राखाडी होतात. लांबून वाचता येतो तो 'रिजेक्ट' हा शब्द.