क्लचचा दोष आणि त्याची परीक्षा

वीस-पंचवीस वर्षे राबलेली पिकअप मोटार एखाद्या सकाळी गिअरमध्ये जाईनाशी होते. क्लचचे पेडल नेहमीपेक्षा सहज खाली बसते; पण गिअर टाकू जावे तो आतून करकर असा आवाज उठतो. मागे माल भरलेला असतो आणि बाजाराची वेळ टळत असते. अशा वेळी ‘क्लच प्लेट गेली’ असा निकाल देणारे पुष्कळ भेटतात. तो निकाल खरा असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, दिवस मोडतो आणि बराच पैसा खर्ची पडतो. तो चुकीचा असेल, तर एवढे सारे होऊनही करकर तशीच राहते. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी दोषाचे स्थान निश्चित करणे अगत्याचे आहे. द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या क्लचच्या बाबतीत हे काम बव्हंशी डोळे, कान आणि एक साधी मोजपट्टी यांच्या साहाय्याने होऊ शकते.

या क्लचची रचना एखाद्या साखळीसारखी असते. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ब्रेक ऑइल पुढे ढकलतो. नळीवाटे तो दाब गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पोहोचतो. स्लेव्हचा दांडा क्लच फोर्क सरकवितो, फोर्क रिलीज बेअरिंगला रेटतो, आणि प्रेशर प्लेट मागे हटून क्लच प्लेट मोकळी होते. बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल याचे तत्त्व. ते मांडणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. या रचनेत पायाचा जोर वाढत जातो. परंतु त्याच प्रमाणात हालचाल घटत जाते. पेडलाचा दहा-पंधरा सेंटीमीटरांचा प्रवास प्रेशर प्लेटपाशी जेमतेम एक-दोन मिलिमीटर उरतो. द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते. नळीत शिरलेला हवेचा लहानसा बुडबुडादेखील ती हालचाल गिळून टाकतो, याचे मर्म येथे आहे.

प्रथम रोगाची जात ओळखावी. क्लच न सुटणे आणि क्लच घसरणे हे दोन परस्परविरुद्ध विकार होत. घसरणाऱ्या क्लचमध्ये चढावर इंजिनाचा वेग वाढतो, पण गाडीचा वाढत नाही. न सुटणाऱ्या क्लचमध्ये इंजिन बंद असताना गिअर विनासायास पडतात. इंजिन चालू होताच, विशेषतः रिव्हर्स टाकताना, दाते करकरतात. इंजिन बंद असतानाही गिअर अडत असतील, तर दोष गिअरच्या जोडणीत किंवा गिअरबॉक्समध्ये शोधावा.

क्लच सुटत नाही असे ठरल्यावर साखळीच्या वरच्या टोकापासून पाहत यावे. ऑइलच्या डब्यातील पातळी उतरलेली असेल, तर ते कोठेतरी बाहेर जात आहे. पेडलाजवळ मास्टर सिलिंडरचा दांडा जेथे आत शिरतो तेथे ओल आहे काय, नळीच्या जोडांवर थेंब आहेत काय, स्लेव्हचे रबरी टोपण किंचित उचलल्यास आतून ऑइल निघते काय, हे क्रमाने तपासावे.

पातळी पूर्ण असूनही क्लच सुटत नसेल, तर दोन परीक्षा उपयोगी पडतात. पेडल चार-सहा वेळा लागोपाठ दाबल्यावर ते घट्ट होऊन गिअर पडू लागला, तर हवा शिरल्याचा संशय घ्यावा. उलट क्लच आरंभी सुटतो, पण पेडल दाबून धरले असता काही क्षणांत गाडी आपोआप पुढे सरकू पाहते, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी कप झिजून ऑइल आतल्या आत मागे परतत असल्याचा संभव असतो. बाहेर एक थेंबही न सांडणारा हा दोष अनेकांना चकवितो. ही परीक्षा सपाट जागी, हँडब्रेक लावून आणि गाडीपुढे व मागे कोणी उभे नसताना करावी.

यानंतरचा प्रश्न सर्वांत निर्णायक आहे: स्लेव्हचा दांडा पुरेसा सरकतो काय? १९८० च्या दशकातील टोयोटा हायलक्ससारख्या पिकअपमध्ये स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या अंगाला असतो. एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने पट्टी धरून दांड्याची हालचाल मोजावी. ती माहितीपुस्तिकेतील मापापेक्षा कमी भरली, तर दोष बहुधा द्रवाच्या मार्गात आहे. गिअरबॉक्सला हात लावण्याचे कारण नाही. दांडा पूर्ण सरकूनही क्लच सुटत नसेल, तर वाकलेला फोर्क, तुटलेली प्रेशर प्लेट, चिकटलेली क्लच प्लेट किंवा अडकलेले पायलट बेअरिंग यांपैकी काहीतरी आत आहे. गिअरबॉक्स उतरविण्याचा निर्णय तेव्हाच योग्य ठरतो.

जुन्या फोर्ड रेंजरमध्ये मात्र ही सोय नाही. तिच्यात स्लेव्ह सिलिंडर क्लचच्या आवरणाच्या आत, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती बसविलेला असतो. तेथे आवरणाच्या तळाशी ठिबकणारा थेंब हाच साक्षीदार. ब्रेक ऑइल पातळ असून पाण्यात मिसळते, इंजिनाचे ऑइल मिसळत नाही. पाण्याने बोट धुऊन पाहिले तरी भेद कळतो.

घसरणाऱ्या क्लचमागेही कधी द्रव असतो. मास्टर सिलिंडरमधील परतीचे छिद्र बुजले, तर पेडल सोडल्यावरही दाब अडकून राहतो. स्लेव्हचे निपल किंचित सैल करताच ऑइल जोराने उसळले आणि घसरणे थांबले, तर क्लच प्लेट निर्दोष समजावी.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ जातीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्यासाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. हेच पाणी सिलिंडरला गंज आणते आणि त्या खरखरीने रबरी कप कापले जातात. म्हणून ऑइल वेळोवेळी बदलावे, आणि डब्यात इंजिनाचे ऑइल कधीही घालू नये. त्याने रबर फुगून निकामी होते.

पातळी, गळती, पेडल, दांडा आणि सरतेशेवटी गिअरबॉक्स, असा हा क्रम आहे. पहिल्या चार पायऱ्यांना वेळ थोडा आणि पैसा नगण्य लागतो. त्या ओलांडून थेट पाचवीवर उडी घेतली, तर खर्च निश्चित असतो, गुण येईलच असे नाही.