हलविलेल्या झाडाची शुश्रूषा

रस्ता रुंद करावयाचा असतो, शाळेच्या आवारात नवी खोली बांधावयाची असते, आणि नेमका तेथेच आठ-दहा वर्षांचा गुलमोहर उभा असतो. तो तोडण्याऐवजी उचलून दुसरीकडे लावावा, हा विचार स्तुत्यच आहे. परंतु मुंबईत मेट्रोच्या कामासाठी हलविलेल्या झाडांपैकी पुष्कळशी पुढे वाळून गेली, आणि तो प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. झाड हलविणे हे एका दिवसाचे काम असले, तरी ते जगविणे दोन-तीन वर्षांचे आहे.

हलविताना झाडाला दोन प्रकारची इजा होते. साखळीने साल सोलली जाते, फांदी पिचते. ही इजा दिसते. मुळे तुटतात, ती इजा मातीखाली झाकलेली राहते. पाणी शोषणारी बारीक मुळे वरच्या दोन-एक फुटांतच, पण फांद्यांच्या विस्ताराबाहेरही दूरवर पसरलेली असतात. मातीच्या गड्ड्याबरोबर त्यांचा लहानसा अंशच येतो. आपण मात्र दिसणाऱ्या जखमेला डांबर फासून निश्चिंत होतो, आणि झाड बहुधा तहानेने मरते.

प्रथम जखमेचा विचार करू. माणसाची जखम भरून येते, तशी झाडाची येत नाही. मेलेले लाकूड पुन्हा जिवंत होत नाही. झाड त्याभोवती आतून जणू भिंत घालते आणि कडेने नवी साल वाढवून ते झाकू पाहते. अमेरिकेच्या वनखात्यातील ॲलेक्स शायगो यांनी असंख्य ओंडके चिरून १९७०च्या दशकात ही गोष्ट स्पष्ट केली. डांबराने किंवा रंगाने आतली कूज थांबत नाही, हेही दिसून आले. म्हणून लोंबणारी मेलेली साल धारदार चाकूने जिवंत कडेपर्यंतच कापावी. साल नुकतीच सुटलेली व ओली असेल, तर ती लगेच जागेवर दाबून सुतळीने बांधावी. कधीकधी ती धरते. पिचलेली फांदी तिच्या बुडाशी असलेला फुगीर कंगोरा राखून कापावी. मुळे कमी झाली म्हणून सगळा शेंडा छाटू नये. नवी मुळे फुटण्यास लागणारे अन्न पानेच तयार करतात.

आता मुळांकडे वळू. ढाणकी-उमरखेडकडच्या काळ्या जमिनीचा स्वभाव येथे ध्यानात घ्यावा लागतो. ती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी तुंबले, तर मुळांचा श्वास कोंडतो. उन्हाळ्यात भेग पडली, की कोवळी मुळे तुटतात व वाळतात. यासाठी गड्डा पूर्वीपेक्षा खोल पुरू नये, बुंध्याचा पसरट भाग मातीवर दिसत राहावा. सभोवती पालापाचोळ्याचा तीन-चार इंच थर द्यावा, पण तो बुंध्याला टेकू देऊ नये. नाहीतर साल कुजते आणि उधईला निमंत्रण मिळते.

पाणी देताना एक चूक हमखास होते. भोवतालची माती ओली दिसते आणि गड्डा आतून कोरडा असतो. पहिल्या वर्षी मुळे गड्ड्यातच असल्याने पाणी तेथेच मुरले पाहिजे. खुरप्याने चार-सहा इंच माती उकरून पाहावी. कोरडी लागली तर सावकाश, भरपूर पाणी द्यावे. रोज वरवर शिंपडण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षी रासायनिक खत देऊ नये. बुंध्याच्या पश्चिमेकडील साल उन्हाने भाजू नये, म्हणून गोणपाट सैल गुंडाळावे. आधाराचे दोरही सैल असावेत आणि वर्षभराने ते सोडावेत.

पाने झडली म्हणजे झाड मेले, असे समजू नये. मूळचा मादागास्करचा गुलमोहर उन्हाळ्यात एरव्हीही पर्णहीन होतो. नखाने डहाळी खरवडावी; आत हिरवे दिसले तर पाणी चालू ठेवावे.

हलविण्यास पावसाळ्याचा आरंभ उत्तम. मात्र त्यापूर्वीच, पुढील तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, त्याचे नाव ठरले पाहिजे. ते ठरत नसेल, तर शक्य तेथे झाड जागीच ठेवून बांधकामाचा आराखडा बदलणे अधिक हिताचे.