स्मार्टवॉच विकताना आधी ॲप जोडून दाखवा

जालन्यातल्या माझ्या दुकानात घड्याळ परत घेऊन येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच सांगतं, "भाऊ, फेस बदलत नाही, मेसेजही येत नाहीत." घड्याळ चांगलंच असतं, ॲप जोडलेलं नसतं.

बघा, फेस म्हणजे दुकानाची पाटी. माल आत, मोबाईलच्या ॲपमध्ये असतो. स्वस्त घड्याळात नवीन फेस, मेसेज, पावलांचा महिन्याचा हिशोब सगळं ॲपमार्फतच चालतं. नॉइजच्या घड्याळाला नॉइजफिट लागतं. गूगलच्या वेअर ओएस घड्याळात फेसवरच्या पावलांच्या आकड्यावर बोट ठेवलं की त्याचं ॲप घड्याळातच उघडतं.

म्हणून बिल करायच्या आधी काउंटरवरच हे करा:

१. डब्यावर लिहिलेलं ॲप प्ले स्टोअरवरून घ्या.
२. नुसतं ब्लूटूथ सेटिंगमधून नको, ॲपमधूनच घड्याळ जोडा.
३. नोटिफिकेशनची परवानगी द्या. बॅटरी सेव्हरमधून ॲप वगळा, नाहीतर मोबाईल ते मागे बंद करतो.
४. गिऱ्हाइकाच्याच हाताने एक फेस बदलून घ्या.

५-१० मिनिटं जातील. पण मार्जिन आधीच कमी, त्यात उघडलेला डबा परत आला तर नव्या भावात विकला जात नाही. ती १० मिनिटं द्याच!