पेठेचा संघ : कोल्हापूरच्या स्थानिक फुटबॉलचा इतिहास आणि मालकीचा प्रश्न

प्रस्तावना

क्रीडा-इतिहासाचे लेखन आपल्याकडे प्रामुख्याने व्यक्तिकेंद्री राहिले आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव किंवा १९४८ साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढणारे भाऊसाहेब निंबाळकर यांच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. एखाद्या लहान शहरातील संघाचा, त्यातही राष्ट्रीय पातळीवर कधीही न पोहोचलेल्या संघाचा, इतिहास मात्र अभ्यासविषय म्हणून क्वचितच पुढे येतो. अमेरिकेत स्थिती याच्या उलट आहे. तेथील ‘मायनर लीग’मध्ये खेळणाऱ्या गावोगावच्या बेसबॉल संघांचे इतिहास स्थानिक ग्रंथालये, महाविद्यालये आणि हौशी अभ्यासक चिकाटीने लिहीत आले आहेत. संघ कोणाचा होता, मैदान कोणी बांधले, संघ गाव सोडून का गेला, हे प्रश्न तेथे नगर-इतिहासाचा भाग मानले जातात.

हे प्रश्न महाराष्ट्रात विचारावयाचे झाल्यास सर्वांत जवळचे उदाहरण कोल्हापूरच्या फुटबॉलचे आहे. कर्जतसारख्या तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या वाचकाला ते काहीसे अपरिचित वाटेल. आपल्या भागातील खेळाची रीत हगाम्याची आहे. जत्रेच्या दिवशी आखाडा भरतो, नारळावरच्या कुस्तीपासून मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत जोडी लागते आणि संध्याकाळी मैदान मोकळे होते. २०२५ मध्ये तर दोन संघटनांच्या वादामुळे एकाच जिल्ह्यात महाराष्ट्र केसरीच्या दोन स्पर्धा झाल्या. फेब्रुवारीच्या आरंभी अहिल्यानगरमध्ये पृथ्वीराज मोहोळ विजयी झाला, तर मार्चअखेरीस कर्जतमध्ये वेताळ शेळके याने किताब मिळविला. कर्जतमध्ये त्या दिवसांत जमलेली गर्दी अभूतपूर्व होती, परंतु ती एका प्रसंगाची गर्दी होती. वर्षानुवर्षे एकाच पेठेचा तोच संघ, तेच प्रतिस्पर्धी आणि पाच-सहा महिने चालणारा हंगाम ही गोष्ट वेगळी आहे. ती कशी घडते आणि कशामुळे टिकते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

मायनर लीग : एक तुलना

तुलनेसाठी अमेरिकेतील व्यवस्था थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १९०१ साली शिकागो येथे लहान लीगांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली, तेव्हा बहुतेक संघ स्थानिक मालकीचे व स्वतंत्र होते. १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्स या मोठ्या क्लबचे व्यवस्थापक ब्रँच रिकी यांनी लहान शहरांतील संघ विकत घेण्यास किंवा करारबद्ध करण्यास सुरुवात केली. तेथे तरुण खेळाडू घडवायचे आणि तयार झाले की वर न्यायचे, अशी ती योजना होती. शेतात पीक काढावे तसे खेळाडू काढण्याच्या या पद्धतीला ‘फार्म सिस्टिम’ हेच नाव पडले. १९४९ साली ५९ लहान लीगा चालू होत्या. त्यानंतर दूरचित्रवाणी घरोघरी आली, मोठ्या लीगचे सामने बैठकीत दिसू लागले आणि लहान मैदाने झपाट्याने ओस पडली.

या व्यवस्थेतील संघाचे नाव गावाचे असते, प्रेक्षक गावचे असतात, परंतु खेळाडूचा करार वरच्या क्लबशी असतो. गावाला आवडू लागलेला खेळाडू हंगामाच्या मध्यावर वर बोलावला जातो आणि गावाला त्याबाबत विचारले जात नाही. २०२० मध्ये जुना करार संपल्यावर मोठ्या लीगने संलग्न संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. चाळीसहून अधिक गावांनी आपली मागणी म्हणून काही गमावले नव्हते, केवळ दूरच्या कार्यालयातील हिशेब बदलला होता. याला अपवाद आहेत. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील रेड विंग्ज हा संघ १९५७ साली कार्डिनल्सने सोडून दिला, तेव्हा नागरिकांनीच समभाग विकत घेतले. आठ हजारांहून अधिक भागधारकांचा तो संघ आजही त्याच शहरात आहे.

(आपल्याकडील वाचकांना या लीगची ओळख झाली असेल ती बहुधा रिंकूसिंग व दिनेश पटेल यांच्यामुळे. उत्तर प्रदेशातील हे दोन भालाफेकपटू २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले आणि पुढील वर्षी ते मायनर लीगमध्ये खेळले. त्यांच्यावर चित्रपटही निघाला.)

तालमीतून मैदानाकडे

कोल्हापुरात फुटबॉल संघाच्या नावातच ‘तालीम’ आढळते, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला प्रथम बुचकळ्यात टाकते. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही सारी नावे फुटबॉल संघांची आहेत. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ असे संघ आहेत.

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) कुस्तीला मिळालेला राजाश्रय सर्वज्ञात आहे. खासबाग मैदान १९१२ चे. पेठापेठांतून तालमी उभ्या राहिल्या. तालीम म्हणजे लाल मातीचा हौदा, व्यायामाची साधने, एक देवस्थान आणि संध्याकाळी बसण्याची जागा. पेठेतील भांडणे तेथे मिटत, वर्गणी तेथे ठरे, गणेशोत्सव आणि शिवजयंतीचे नियोजनही तेथेच होई. पुढे राजाराम महाराजांच्या काळात मैदानी खेळांना प्रोत्साहन मिळाले आणि फुटबॉल शहरात रुजला, तेव्हा त्याला नव्याने घर शोधावे लागले नाही. अंगात रग असलेली मुले, त्यांच्यावर जरब असलेले वस्ताद आणि संघाच्या पाठीशी उभी राहणारी पेठ हे सर्व तालमीत आधीच होते. ‘पाटाकडील’ हे नाव तर सरळ ठिकाणच सांगते. मंगळवार पेठेतील या तालमीचा संघ शहरातील सर्वांत यशस्वी संघांपैकी एक आहे, आणि शिवाजी पेठेच्या संघांशी होणारे त्याचे सामने हा शहरातील संभाषणाचा कायमचा विषय आहे.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रयावर जगणाऱ्या अनेक गोष्टी त्यानंतर क्षीण झाल्या. फुटबॉल क्षीण झाला नाही, कारण तोपर्यंत त्याचा खर्च आणि त्याचा अभिमान दोन्ही पेठेने उचलले होते. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘केएसए’, नोंदणी, वेळापत्रक, पंच आणि शिस्त यांची व्यवस्था पाहते. छत्रपती घराण्याचा या संस्थेशी असलेला संबंध आजही कायम आहे, पण संघ घराण्याचे नाहीत. सामने राजर्षी शाहू स्टेडियमवर होतात. वरिष्ठ गटात सोळा संघ असतात, साखळी सामन्यांत तळाला राहणारे खालच्या गटात जातात आणि खालचे वर येतात. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील लहान संघ कितीही जिंकला तरी त्याची पायरी बदलत नाही. कोल्हापुरात तळाच्या संघाचा शेवटचा सामनाही जीव तोडून खेळला जातो, कारण पुढच्या वर्षी कोणत्या गटात खेळायचे हे त्यावर ठरते. लीगनंतर महापौर चषक, सतेज चषक यांसारख्या बाद पद्धतीच्या स्पर्धा होतात आणि उन्हाळा त्यात निघून जातो.

तीन क्लब गेले, तालमी राहिल्या

याच काळात कोल्हापूरपासून सव्वादोनशे किलोमीटरवर पुण्यात काय घडले, ते पाहण्यासारखे आहे. २००७ मध्ये एका उद्योगसमूहाने पुणे एफसी हा व्यावसायिक क्लब स्थापन केला. त्याच वर्षी सुरू झालेल्या आय-लीगमध्ये तो पुढे पहिल्या श्रेणीपर्यंत पोहोचला आणि २०१५ मध्ये बंद करण्यात आला. पुण्यातील जुना शिवाजीयन्स क्लब बांधकाम व्यवसायातील समूहाच्या आश्रयाने डीएसके शिवाजीयन्स या नावाने २०१५ ते २०१७ या काळात आय-लीगमध्ये खेळला आणि मग बाहेर पडला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर जन्मलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपुष्टात आला. त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. त्या संघाने २०२१-२२ चे विजेतेपदही मिळविले, आणि २०२५ मध्ये तोही हैदराबाद सोडून दिल्लीला गेला.

या क्लबांकडे प्रशिक्षक होते, अकादमी होती, बालेवाडीसारखे मैदान होते. पुणे हे फुटबॉलविषयी उदासीन शहर होते असेही म्हणता येणार नाही. निर्णय मात्र ताळेबंद पाहून घेतला गेला आणि ताळेबंद पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो चुकीचाही नसावा. तालमीचा ताळेबंद वेगळा असतो. जागा पिढ्यान्‌पिढ्यांची असते, वर्गणी आणि देणगी पेठेतून व स्थानिक पुढाऱ्यांकडून येते, काम करणारे पगारी नसतात. तालीम बंद करण्याचा ठराव करण्याचा अधिकार एका व्यक्तीकडे नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने हंगाम मध्येच थांबला तेव्हाही संघ मोडले नाहीत, कारण संघाच्या भोवतीची पेठ तेथेच होती.

खेळाडूचा प्रश्न

येथपर्यंतचे विवेचन वाचून तालमीचे चित्र फार गोड वाटण्याचा संभव आहे. त्याची दुसरी बाजू गंभीर आहे.

पेठेची निष्ठा मैदानाबाहेरही सांडते. समर्थकांमधील हाणामारी, दगडफेक, पोलीस बंदोबस्त, संघांवर व खेळाडूंवर कारवाई, प्रेक्षकांविना सामने खेळविण्याची वेळ हे सर्व कोल्हापूरने पाहिले आहे. बहुतेक तालमी या पुरुषांच्या जागा असल्यामुळे मुलींच्या फुटबॉलला त्यांच्या व्यवस्थेत सहज स्थान मिळाले नाही. एफसी कोल्हापूर सिटी या नावाचा महिला संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळला, पण तो तालमीच्या परंपरेबाहेर उभा राहिलेला संघ होता. जिंकण्याच्या ईर्ष्येपोटी गेल्या दशकांत आफ्रिकी देशांतील खेळाडू करारावर आणले गेले. त्यामुळे खेळाची गती वाढली, मात्र पेठेतल्या मुलाची अकरा जणांतील एक जागा गेली, अशी तक्रारही त्याबरोबर सुरू झाली.

परंतु सर्वांत कठीण प्रश्न पोटाचा आहे. अमेरिकेतील मायनर लीगचा खेळाडू शोषित होता यात शंका नाही. वर्षानुवर्षे अत्यल्प वेतनावर त्याला राबविले गेले. २०२२ मध्ये हे खेळाडू कामगार संघटनेत सामील झाले आणि २०२३ मध्ये झालेल्या पहिल्या सामूहिक कराराने किमान वेतन दुपटीहून अधिक वाढले. तरीही त्याच्यासमोर शिडी होती आणि तिची पुढची पायरी कोणती हे त्याला ठाऊक होते. कोल्हापुरातील एकाही तालमीचा संघ आय-लीग किंवा आयएसएलमध्ये खेळलेला नाही. हजारो प्रेक्षकांसमोर गोल करणारा विशीतला खेळाडू पेठेत नायक असतो. तिशीत गुडघा दुखू लागतो तेव्हा त्याच्याजवळ ओळख भरपूर असते, पण नोकरी असेलच असे नाही.

वर गेलेले खेळाडू आहेत, पण त्यांची वाट पाहिली तर ती बहुधा तालमीला वळसा घालून जाते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. त्याचे शिक्षण पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत झाले आणि पुढे जमशेदपूरमार्गे तो हैदराबादच्या विजेत्या संघात होता. म्हणजे ज्या मालकीच्या क्लबांचे अल्पायुष्य वर सांगितले, त्याच क्लबांनी कोल्हापूरच्या या मुलाला उपजीविका दिली. तालमीने शहराला संघ दिला आणि खेळाडूला ती फारसे देऊ शकली नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हा दोष तालमीचा कमी आणि जिल्ह्याचा खेळ व राज्याचा खेळ यांच्यामधली पायरी न बांधणाऱ्या व्यवस्थेचा अधिक आहे. तालमीचा संघ जिल्ह्याच्या लीगमध्ये पहिला आला तर पुढे कोठे खेळणार, याचे उत्तर त्या व्यवस्थेने फार काळ दिले नाही.

तालुक्याच्या ठिकाणी

कोल्हापूरची लीग कर्जत, जामखेड किंवा श्रीगोंद्यात उचलून आणता येणार नाही. फुटबॉलची तर गोष्टच सोडा, येथे खेळ म्हणजे कुस्ती, कबड्डी आणि आता टेनिस चेंडूवरचे क्रिकेट. यांपैकी कबड्डी हाच खरा सांघिक व गाववार खेळ. गावोगावी संघ आहेत, पण त्यांचे सामनेही बक्षिसाच्या स्पर्धेपुरते असतात. दोन दिवसांत चाळीस संघ येतात, एकदा हरला तो परत जातो. तेवढ्यात कोणत्याही गावाला आपल्या संघाविषयी मत बनविण्यास अवसर मिळत नाही. महाविद्यालयाच्या आंतरविभागीय स्पर्धांचेही तसेच आहे. संघ दरवर्षी नवा असतो, सामने परगावी होतात आणि गावाला निकाल वर्तमानपत्रातून कळतो.

आठ गावांचे संघ, दर रविवारी महाविद्यालयाच्या मैदानावर दोन सामने आणि आधीच छापलेले वेळापत्रक, एवढ्यावर साखळीचा हंगाम उभा राहू शकतो. एकेरी साखळीत आठ संघांचे २८ सामने होतात, म्हणजे चौदा रविवार. सुगीनंतर सुरू केल्यास तो उन्हाच्या आत संपतो. खर्चाची बाब पंचांचे मानधन आणि मैदानाची आखणी यांपलीकडे फारशी जात नाही. त्याहून निकडीचे काम कागदांचे आहे. गावच्या संघांच्या जुन्या स्पर्धापत्रिका, वर्गणीच्या वह्या, ढालीवर कोरलेली वर्षे आणि हगाम्याची हस्तपत्रके आज कोणाच्या तरी घरच्या पेटीत आहेत, आणि ती ओळखून सांगू शकणारी पिढी सत्तरीच्या पुढे गेली आहे. इतिहास व शारीरिक शिक्षण या दोन विभागांना, पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांची मदत घेऊन, एका तालुक्यापुरते हे काम दोन उन्हाळी सुट्ट्यांत करता येण्याजोगे आहे.