लीळाचरित्रातील लुप्त शब्द

लुप्त शब्द म्हणजे एके काळी भाषेत रुळलेले, परंतु आज बोलण्यातून व लेखनातून नाहीसे झालेले शब्द. मराठीत अशा शब्दांचा मोठा साठा लीळाचरित्र या ग्रंथात आढळतो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूर (जि. अमरावती) येथे तो सिद्ध केला. पुढे महानुभाव ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले गेल्याने शतकानुशतके पंथाबाहेरच्या वाचकांना ते अपरिचितच राहिले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली लीळाचरित्राची आवृत्ती 1978 मध्ये प्रसिद्ध झाली.

शब्द आणि त्यांचे आजचे पर्याय

'आरोगणा' म्हणजे भोजन, 'पहुड' म्हणजे झोप, 'उपहुड' म्हणजे झोपेतून उठणे, 'नावेक' म्हणजे क्षणभर. हे पर्याय कामचलाऊ आहेत. आरोगणा सामान्य माणसाची नसते. ती चक्रधरस्वामींची असते. 'भोजन' म्हटले की अर्थ पोहोचतो, आदर मात्र गळून पडतो. (गुजरातीत 'आरोगवुं' हे आदरार्थी क्रियापद अजून वापरात आहे. मराठी विद्यार्थी मात्र 'आरोगणा' वाचून आरोग्याकडे वळतो!) 'बीजें करणे' हा प्रयोग अधिक अवघड आहे. त्याचा अर्थ प्रसंगानुसार 'जाणे' किंवा 'येणे' असा होतो. तेव्हा आजच्या मराठीत तो आणताना आधी संदर्भ पाहावा लागतो.

ओळखीचे वाटणारे शब्द

अनोळखी शब्दासाठी वाचक कोश उघडतो. ओळखीच्या शब्दासाठी उघडत नाही आणि तेथेच फसतो. 'राउळ' म्हणजे आज देऊळ. मुळात हा शब्द 'राजकुल' यावरून आलेला असून महानुभाव वाङ्मयात तो गोविंदप्रभूंना उद्देशून येतो. 'राउळ म्हणाले' हे वाचून देऊळ बोलू लागले असे समजण्याचे कारण नाही. 'चाड' म्हणजे तेव्हा इच्छा, आज पर्वा किंवा लाज. 'पुसणे' म्हणजे विचारणे; हा अर्थ 'विचारपूस' या जोडशब्दात टिकला असून वऱ्हाडी बोलीत आजही ऐकू येतो. त्यामुळे प्रमाण मराठीतून लुप्त झालेला प्रत्येक शब्द मराठीतून गेला असे म्हणता येत नाही. इंग्रजीतही हेच घडते: शेक्सपिअरच्या ज्युलिएटचा 'व्हेअरफोर' म्हणजे 'का', पण अनेक जण तो 'कुठे' असाच समजतात.

कोश

शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अर्थ इंग्रजीतून दिलेले आहेत. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला आपल्याच भाषेतील जुना शब्द परभाषेच्या वाटेने समजून घ्यावा लागतो.